हयात अपत्ये : दोन

"मुलीची आई कोण आहे? पुढं या," मशीनवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला आणि शिवकन्येचं पाऊल पुढं पडलं. पाऊल म्हणजे तरी किती, जेमतेम वीतभर. तिनं ते ठरवून टाकलं नव्हतं. ताटात वाढताना हात आपोआप पुढं जातो तसं ते गेलं. दुसऱ्याच क्षणी तिच्या डाव्या बाजूनं तारा, तिची थोरली जाऊ, पुढं सरकली, "मी हाय," म्हणाली आणि निलूच्या खांद्यावर हात ठेवून खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. शिवकन्येनं पाऊल मागं घेतलं. एवढंच घडलं. मग मशीनवरच्या पोरानं दोनदा माउस आपटला, "सर्व्हर गेला, जेवणानंतर या, नंबर हाच राहील," असं सगळ्या रांगेला ऐकवलं, आणि हिंगोलीच्या त्या आधार केंद्रातली माणसं कुरकुरत बाहेरच्या उन्हात पांगली. शिवकन्या मात्र जागची हलली नाही. कारण रांगेत तिच्या मागं दोन माणसं सोडून भीमसिंग उभा होता. भीमसिंग प्रकल्प कार्यालयात शिपाई होता. अंगणवाड्यांची रजिस्टरं आणायला तो गावोगाव फिरायचा, शिवकन्येच्या अंगणवाडीत बसून त्यानं कितीदा चहा घेतला होता. आपलं पाऊल त्यानं पाहिलं की नाही, हे तिला कळत नव्हतं. माणसाचा चेहरा सगळेच बघतात, पावलाकडं कोण बघतं, असं तिनं स्वतःला समजावलं. पण शिपायाची नजर खालीच असते, हेही तिला त्याच दमात आठवलं.

पाच वर्षांत तिला हे अंगवळणी पडायला हवं होतं. भीतीची म्हणे सवय होते. शिवकन्येला झाली नव्हती. उलट भीती घरातल्या माणसासारखी हक्कानं राहायला आली होती, सकाळी तिच्या आधी उठायची आणि अंगणवाडीचं कुलूप उघडताना बाजूला उभी राहायची. जवळा बाजारापासून कोसभर आत त्यांचं गाव, आणि त्या गावातली अंगणवाडीताई म्हणजे शिवकन्या. दोघां भावांत मिळून जमीन अडीच एकर, त्यात सोयाबीन होतं आणि सोयाबीन झाल्यावर पुन्हा सोयाबीनच होतं. घर चालायचं ते शिवकन्येच्या नोकरीवर. नोकरी माणसाला लागते असं लोक म्हणतात, पण ती घर बघून लागते. सून किती शिकली, वय काय, सासर त्याच गावात आहे का, आणि लेकरं किती. शिवकन्या बारावी होऊन आली होती, लेकरं दोन होती, जान्हवी आणि मुकुल. तिनं प्रतिज्ञापत्रावर सही केली होती, हयात अपत्ये दोन, आणि दोनावर तिसरं झालं तर सेवा संपेल हे मला मान्य आहे. सही करताना हसू आलं होतं. तिसरं कोणाला हवं होतं?

ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळाली होती. ते साल कोरोनाचं निघालं. शिबिर रद्द झालं, रस्त्यावर बांबू आडवे लागले, दवाखान्यात दुसरा कुठलाही आजार घेईनात. अंगणवाडीताई म्हणून शिवकन्या घरोघर जाऊन लोकांचा ताप मोजत होती आणि आपल्याच पोटात काय चाललंय ते तिला चौथ्या महिन्यात कळलं. त्यानंतरचे दिवस लपवण्यात गेले. सैल साडी, पुढं ओढलेला पदर, छातीशी धरलेलं सर्व्हेचं रजिस्टर. शेवटचे दोन महिने ती कनेरगाव नाक्याला नणंदेकडं, सुमनअक्काकडं, जाऊन राहिली. अक्काचा तिथं रस्त्यावर ढाबा, तो तेव्हा बंदच होता. गावात सांगितलं, ताईला क्वारंटाइन केलंय, आणि मुदत संपली की पुन्हा तेच सांगितलं. त्या एका शब्दानं जे काम केलं ते दहा खोट्यांनी झालं नसतं, कोणी चौकशीलासुद्धा फिरकलं नाही. डिसेंबरात ती हिंगोलीच्या एका दवाखान्यात दाखल झाली ती ताराच्या नावानं. ताराची कागदपत्रं, ताराचं कार्ड, आणि तोंडावर मास्क. तेव्हा सगळ्यांच्याच तोंडावर मास्क होता, कोण कोणाचा चेहरा ताडून पाहणार? ही युक्ती ताराचीच. "माझ्या नावावर दोन हायेत, तिसरं लागलं तर लागलं. मला कोण नोकरी देऊन राहिलं?" असं तिनं पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं. बाळंत होताना नर्स ओरडत होती, "तारा, जोर लाव, तारा, ऐकू येतंय का," आणि शिवकन्येला ऐकू येत होतं, पण ती ओ देत नव्हती, कारण त्या कळांमध्ये ती कोण आहे ते ती विसरली होती. मग तिच्या लक्षात आलं की तारा म्हणजे आपणच. तिनं जोर लावला आणि निलू झाली.

"चल की, हितं काय उभी राहिलीस," तारानं दारातून हाक मारली. तिघी बाहेर आल्या. इमारतीच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी होती, तिच्या सावलीत पायरीवर बसल्या. तारानं फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी आणि तिखट पिठलं काढलं. नीलांबरी, म्हणजे निलू, दोन घास खाऊन टाकीच्या नळाशी गेली. तिची बोटं मशीनला लवकर लागत नव्हती म्हणून मशीनवरच्या पोरानं धुऊन यायला सांगितलं होतं, ते तिनं फार मनावर घेतलं होतं. ती दहाही बोटं एकेक करून चोळत होती. पाच वर्षं झाली की लेकराचे ठसे देऊन आधार काढावं लागतं, त्याशिवाय पहिलीला नाव घालता येत नाही असं शाळेच्या गुरुजींनी सांगितलं होतं. जवळा बाजारचं मशीन बंद, म्हणून सकाळच्या गाडीनं इथं यावं लागलं होतं.

"एक सांगायचं होतं," तारा म्हणाली. "सकाळपून सांगायचं म्हणून राहिले, गाडीत माणसं होती."

शिवकन्येनं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मदतनीसची जागा निघाली. तुला ठाऊकच आसंल, तुझ्याच अंगणवाडीतली. उद्या शेवटची तारीख हाय. मी फॉर्म आणलाय."

शिवकन्येला ठाऊक होतं. जाहिरात तिनंच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवली होती, आणि चिकटवताना एक कोपरा मुद्दाम सैल ठेवला होता, वाऱ्यानं उडाली तर उडाली म्हणून. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. तारानं दोन वर्षांपूर्वी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसायचं काढलं तेव्हाच शिवकन्येनं पुढचं ओळखलं होतं. तारा भाकरी भाजता भाजता इतिहासाचे सन पाठ करायची, दुपारी सोयाबीनच्या धुऱ्यावर, बांधाला बसून पुस्तक उघडायची, आणि गाव हसायचं, आता हिला काय कलेक्टर व्हायचंय? एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. त्या दिवशी शिवकन्येनं पेढे वाटले आणि वाटताना मनात एकच हिशोब चालला होता, हिची लेकरं दोन आणि निलू, तीन. हिला नोकरी मिळायची नाही. म्हणजे निलू हिच्याकडंच राहील. देवाला नमस्कार करावा तसा तिनं मनातल्या मनात त्या तीनच्या आकड्याला नमस्कार केला होता, आणि लगेच तिला स्वतःची किळस आली होती.

"बाई, मग निलूचं?" तिनं विचारलं.

"तेच म्हंते. मघा मी सवयीनं पुढं झाले. सर्व्हर गेला ते देवाचीच कृपा झाली. आज माझा अंगठा लागला की पोरगी माझ्यावर पक्की झाली. आता समदं मोबाइलमधी दिसतं."

"जन्माचा दाखला तं तुमच्याच नावचा हाय."

"दाखला पेटीत हाय. त्याला कोण इचारतं? अंगठा म्हंजी अंगठा."

कायद्यात याचं काय आहे ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. दाखला हा कागद, आणि कागद फाटतो, भिजतो, नवा काढता येतो. अंगठा मात्र देहाचा, तो एकदा दिला की दिला, अशी त्यांची समजूत होती. त्या समजुतीवरच दोन्ही घरं उभी होती.

"एक तं तू अंगठा दे," तारा सावकाश म्हणाली, आवाजात कुठंही राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच शिवकन्या अधिक घाबरली. "न्हाई तं सुमनअक्काला बोलव. तिला एकच पोरगं हाय. दत्तकाचा कागद करू. ढाबा हाय, खायला-प्यायला कमी न्हाई. तुझ्या लेकीला मी पाच वर्सं माझं नाव दिलं की. मला बी आता सप्टेंबरात पस्तीस पुरी व्हतील, वयाची आट तेवढीच हाय. मंग कोण घेतंय?"

शिवकन्येनं मान हलवली. तिला बोलायचं होतं की बाई, तुमचं बराबर आहे, सगळं बराबर आहे, पण ती बाटलीतून पाणी पीत राहिली. कनेरगाव नाका. रस्त्याला लागून बाजा टाकलेल्या, ट्रक येऊन थांबणार, निलू टेबल पुसणार. आधी भिंतीपलीकडं गेली, आता चाळीस कोस जाईल. चाळीस कोस नसेल, पण तिला तेवढंच वाटलं. भिंतसुद्धा कसली, छातीएवढी. निलू झाली त्या वर्षी त्यांनी चूल वेगळी केली, कारण सर्व्हेच्या रजिस्टरात लिहिलेलंच आहे, एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. गावाला वाटलं जावाजावांचं बिनसलं. खरं तर वरण भिंतीवरून या घरातून त्या घरात जायचं आणि वाटी परत यायची. दर एप्रिलला शिवकन्या आपल्या हातानं ते रजिस्टर भरायची. घर क्रमांक अमुक, कुटुंबप्रमुख हरीश, तिचा नवरा, मुलं दोन. पुढची ओळ, घर क्रमांक तमुक, माता तारा, तिसरं अपत्य नीलांबरी. अक्षर तिचं मोत्यासारखं, त्याचं पर्यवेक्षिका मॅडम कौतुक करायच्या. दर महिन्याला ती निलूला काट्यावर उभं करायची, वजन वाचायची आणि ताराच्या नावापुढं लिहायची. एकदा वजन दीड किलोनं घटलं होतं. तेव्हा बैठकीत मॅडमनी विचारलं, "हिच्या आईला समज दिली का?" आणि शिवकन्या म्हणाली, "दिली मॅडम."

आणि पोरीला शिकवावं लागलं. अंगणवाडीत सगळी लेकरं तिला ताई म्हणायची, तिथं प्रश्न नव्हता. रस्त्यावर, जत्रेत, बाजारात मात्र ती काकू आणि तारा ही आई. घरात, दार लावल्यावर, ती आई. निलू तीन वर्षांची असताना चुकायची. एकदा जवळ्याच्या बाजारात तिनं "आई, रेवडी" असं म्हणून शिवकन्येचा पदर ओढला आणि समोर पल्लवी उभी होती. पल्लवी म्हणजे निवडीत शिवकन्येच्या खालोखाल दोन गुणांनी राहिलेली, एकाच लेकराची आई. तिनं तक्रारीचा एक अर्ज टाकायचा अवकाश होता. गावाला सगळं माहीत असतं आणि गाव तोंड उघडत नाही. पण ते कधी उघडेल ते गावालाही माहीत नसतं. पल्लवी नुसती हसली होती. त्या दिवशी घरी येऊन शिवकन्येनं निलूच्या गालावर मारलं होतं. त्यानंतर निलू कधी चुकली नाही.

नळाशी उभ्या असलेल्या पोरीकडं बघता बघता शिवकन्येच्या मनात काहीतरी सरळ झालं. देऊ अंगठा. काय होईल? मशीन तिचं नाव विचारील, ती सांगेल. मग कधीतरी नोटीस येईल, खुलासा मागतील, मॅडमचा चेहरा उतरेल, पल्लवीच्या हातात किल्ली जाईल. हरीश आठ दिवस जेवणार नाही, मग जेवेल. ती सोयाबीन कापायला, सोंगायला जाईल, इतर बायका जातात तशी. आणि तारा सकाळी डोक्याला तेल लावून अंगणवाडीत जाईल, खिचडी शिजवील, लेकरांना वाढील. एकाच्या ऐवजी दुसरी. घराला काय फरक पडतो? घराला एक पगार पाहिजे. असा विचार करताना तिला एकदम हलकं वाटलं, इतकं की तिनं उरलेली भाकरी खाल्ली. "मी देते बाई," ती म्हणाली. तारानं मग पिशवीतून पातळ प्लॅस्टिकची फाइल काढून फॉर्म पुन्हा एकदा बघितला, त्यावर चिकटवलेला स्वतःचा फोटो अंगठ्यानं दाबला आणि फाइल परत ठेवली. "देव तुझं भलं करो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिनं लपवलं नाही.

अडीच वाजता रांग पुन्हा लागली. शिवकन्या पुढं, मध्ये निलू, मागं तारा. आत पंखा नुसता आवाज करत होता. भीमसिंग आला आणि नंबरापेक्षा पुढं, अगदी त्यांच्या मागंच येऊन उभा राहिला. "नमस्कार ताई," म्हणाला. "मोबाइल नंबर बदलायचा हाय, आर्ध्या दिवसाची सुट्टी गेली बघा." माणूस भला होता, त्यानं आजवर कोणाचं वाकडं केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्यानं निलूच्या डोक्यावर हात ठेवला. "हे लेकरू कोणाचं?"

"जाऊबाईचं," शिवकन्या म्हणाली. विचार करायच्या आधीच म्हणाली.

"आसं? चेहरा तं थेट तुमच्यावर गेला ताई."

"एकाच घरातलं हाय, जाणारच," तारा मागून म्हणाली.

भीमसिंग हसला. त्यात काही नव्हतं, माणसं हसतात तसं हसला. पण शिवकन्येच्या मनात मघाशी टाकीच्या सावलीत सरळ झालेलं सगळं पुन्हा वेडंवाकडं झालं. उद्या हा कार्यालयात चहा पिताना सहज बोलेल. वाईट मनानं नाही, सहजच. काल हिंगोलीत ताई दिसल्या, जावेची म्हणून पोरगी आणली आणि आई म्हणून स्वतःच अंगठा दिला, गंमतच बघा. बस्स, एवढं पुरे होतं. नोटीस, खुलासा, दवाखान्यातलं खोटं नाव. दवाखान्याचा विचार तिनं मघाशी केलाच नव्हता. खोट्या नावानं दाखल होणं हा गुन्हा असेल. पोलीस येतील का? तारालाही नेतील का? जान्हवी आणि मुकुल शाळेतून घरी येतील आणि दाराशी जीप उभी असेल. तिला त्या जीपचा रंगसुद्धा दिसला. खुर्चीतला माणूस उठला. "चला, पुढचा," मशीनवरचा पोरगा म्हणाला.

निलू खुर्चीत चढून बसली आणि धुतलेले हात तिनं पंजे उघडून टेबलावर ठेवले. या वेळी बोटं लागली. पोरानं डोळ्यांचा फोटो काढला, मग कागद चाळला आणि पहिल्यांदा मान वर करून दोघी बायांकडं आळीपाळीनं पाहिलं. सकाळचं त्याला काही आठवत नसावं. "आईचा अंगठा लागेल," तो म्हणाला. कोणी हललं नाही. तारा हलली नाही, कारण तिला शब्द दिलेला होता. शिवकन्या हलली नाही. पोरानं निलूलाच विचारलं, "बेटा, तुझी आई कोणती आहे? दाखव बरं." निलू खुर्चीत वळली. तिनं दोघींकडं पाहिलं, मागं उभ्या असलेल्या भीमसिंगकडं पाहिलं, मग शिवकन्येला बोटानं जवळ बोलावलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू विचारलं, "हितं तू कोण हाय?"

पोरीच्या श्वासाला पिठल्याचा वास येत होता. शिवकन्येला वाटलं की आपण आता बोलू. ती बोललीसुद्धा. "काकू," ती म्हणाली.

"ही काकू," निलूनं मोठ्यानं सांगितलं, शाळेत उत्तर द्यावं तसं. "ती आई."

तारा उभी होती. पिशवी तिनं पोटाशी धरली होती आणि पिशवीत ती फाइल होती. काही म्हणायला जागाही नव्हती, रांग होती, भीमसिंग होता, खुर्चीत पोर होती आणि पोरीनं तिला आई म्हणून दाखवलं होतं. तिनं शिवकन्येकडं बघितलं नाही. पुढं आली, अंगठा लुगड्याला पुसला आणि काचेवर ठेवला. मशीन एकदाच वाजलं. "झालं," पोरगा म्हणाला, "पावती घ्या."

आणि शिवकन्येला सुटल्यासारखं वाटलं. हेच तिला पुढं आयुष्यभर खुपणार होतं, हे तिला तेव्हाच कळलं, पण वाटलं ते खरं. छातीवरचा धोंडा कोणी उचलावा तसं वाटलं. हवा आत गेली. नोकरी होती, घर होतं, जीप नव्हती. भीमसिंगला तिनं हसून "येते दादा" म्हटलं. बाहेर येऊन चार पावलं चालल्यावर मग तिला शेजारी चालणारी तारा दिसली, आणि शरम आली ती एकदम आली. "बाई," ती म्हणाली, "माझी जीभच..."

"राहू दे. पुढच्या जागेला बघू," तारा म्हणाली. पुढची जागा निघेल तेव्हा आपलं वय काय असेल ते तारालाही माहीत होतं आणि शिवकन्येलाही. तारा रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर शिवकन्येला बरं वाटलं असतं. पण तारा नुसती चालत राहिली, उन्हानं डोळे बारीक करून, निलूचा हात धरून.

बसस्टँडकडं जाणारा तो मागचा रस्ता दुपारचा ओस पडला होता. दुकानांची शटरं अर्धी खाली होती. शिवकन्येला काहीतरी भरून द्यावंसं वाटलं, कोणाला तरी, काहीही. ताराला द्यायला तिच्याकडं काही नव्हतं. ती निलूपुढं उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "निलू, हितं आपल्या वळखीचं कोणी न्हाई," ती म्हणाली. "म्हण मला आई."

निलूनं रस्त्यावर दोन्हीकडं पाहिलं, रस्ता ओलांडताना बघायला शिकवलं होतं तसं. मग मान वर करून तिनं ताराला विचारलं, "आई, काकूला आई म्हणू का?"

"म्हण," तारा म्हणाली.

"आई," निलू म्हणाली.

आणि ओ द्यायच्या आधी शिवकन्येनं मागं वळून पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.